कागदावरचा दुसरा ड्रायव्हर

तिवसा गेल्याचं रूपरावला आठवत होतं. तळेगाव आल्याचं आठवत नव्हतं. दुपारचे दोन वाजत आले होते, माघातलं ऊन काचेतून सरळ छातीवर पडत होतं आणि कारंजातलं त्याचं घर आता पाऊण तासावर आलं होतं. त्यानंतर त्याला आठवतो तो पत्रे चिरडल्याचा आवाज.

डोळे उघडले तेव्हा ट्रक रस्ता सोडून खाली गेला होता, पुढचं चाक नालीत अडकलं होतं आणि बोनेटवर संत्री पडत होती. रूपराव दार उघडून खाली उतरला. समोर मोडलेल्या पत्र्याच्या छपरीखालून एक बाई डाव्या हाताचं मनगट धरून उठत होती. तिनं आधी स्वतःकडे पाहिलं, मग संत्र्यांच्या चिखलाकडे, मग त्याच्याकडे.

"काय रे मुडद्या, झोपाचंच होतं तं घरी झोपाले काय झालतं?"

तिनं उजव्या हातानं हाताला लागेल ते संत्रं उचलून त्याच्या तोंडावर मारलं. मग दुसरं. तो हलला नाही. पळण्याइतकं भानही त्याला नव्हतं, असं तो पुढे म्हणायचा.

बाईचं नाव मनकर्णाबाई. नागपूर-अमरावती रस्त्याच्या कडेला बारा वर्षं ती संत्री विकत होती. तिचं मनगट मोडलं होतं. एवढ्यावर निभावलं, कारण ती त्याच क्षणी पाण्याची कळशी घ्यायला दोन पावलं मागे सरकली होती.

रूपराव तेव्हा बावन्न वर्षांचा होता आणि सव्वीस वर्षं ट्रक चालवत होता. शेवटची नऊ वर्षं गजेंद्रशेठकडे. गजेंद्रचे वडील ताराचंद कारंजात किराणा दुकान चालवायचे. दोन गाड्या त्यांनी घेतल्या, पोरानं त्यांच्या अकरा केल्या. नागपूरकडच्या एका कारखान्याचा माल सुरतेला न्यायचा, येताना कापडाच्या गाठी आणायच्या, हा रूपरावचा ठरलेला फेरा. आदल्या दिवशी सकाळी सहाला तो सुरतेत पोचला होता. माल उतरवून घेण्यात आणि गाठी भरण्यात दिवस गेला. दुपारी चारला निघाला तो बावीस तास चाकावरच होता. मध्ये तीनदा थांबला. गाडी वीस मिनिटं उभी राहिली की गजेंद्रच्या मोबाइलवर कळायचं आणि रूपरावचा फोन वाजायचा.

"काऊन थांबला?"

"चहा प्याले, शेठ."

"चहा प्याले अर्धा तास लागते का? चाल काढ गाडी."

नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. घरी आला की अंघोळ, जेवण, पाच-सहा तास झोप, आणि पुन्हा फोन. रविवार, सणवार, पोळा, काही नाही. आठ तासांची ड्युटी त्याला माहीत होती ती एसटीच्या ड्रायव्हरांची.

अपघात झाल्यावर तासाभरात गजेंद्र पांढऱ्या गाडीतून आला. आधी ट्रकभोवती फिरला, गाठी भिजल्या का पाहिलं, मग रूपरावला बाजूला घेतलं. नेहमी नुसतं 'रूपराव' म्हणणारा माणूस आज 'भाऊ' म्हणाला.

"रूपरावभाऊ, चौकीत जास्त बोलू नका. टायर फुटला म्हना."

"टायर नाई फुटला, शेठ. मले झोप लागली."

"झोप कशी लागन? तुम्ही तं अकोल्याले उठले ना. गाडी दुसरा चालवत होता अकोल्यापर्यंत."

रूपरावला वाटलं, आपल्या डोक्यालाच मार बसलाय. "दुसरा कोन?"

चौकीत गेल्यावर गजेंद्रनं फायलीतून गाडीचे कागद काढून हवालदारापुढे ठेवले. वरच्या कागदावर कारखान्याचा शिक्का होता. चालक एक: रूपराव. चालक दोन: चिंधू. शेजारी दोन्ही लायसनच्या झेरॉक्स.

चिंधू म्हणजे रूपरावचा साळा, त्याच्या बायकोचा, आनंदाबाईचा थोरला भाऊ. तोही ट्रकवालाच. पण चार वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं त्याचा उजवा डोळा गेला आणि डावाही अंधुक झाला. तेव्हापासून तो घराच्या ओट्यावर बसून असायचा.

कारखान्याचा नियमच होता की लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर हवेत. एकानं सलग पाच तासांवर चालवायचं नाही. तसा मोठा फलकही गेटवर होता. रूपराव त्या फलकाखालून चार वर्षं जात होता आणि त्याला वाटायचं की हे मोठ्या कंपनीच्या गाड्यांसाठी असेल. ड्रायव्हरांच्या नावांची गेटवरची चिठ्ठी गजेंद्रचा मुनीम आधीच आत नेऊन द्यायचा. चार वर्षं त्याच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर चिंधू बसून सुरतेला जात होता, फक्त कागदावर.

"याच्यावर सही करा," गजेंद्र म्हणाला. लिहिलेला जबाब तयारच होता. "दोघं होते, पाळी-पाळीनं चालवली, टायर फुटला. संपलं."

"मी एकटा होतो."

"भाऊ, समजून घ्या. एकटा म्हनसान तं गुन्हा तुमच्यावर येईन."

"तसाही माह्यावरच हाये. गाडी मीच चालवून राह्यलो होतो." रूपरावनं कागद परत सरकवला. "मले झोप लागली थे लिहा. अन् मी एकटा होतो थेही लिहा."

गजेंद्रचा 'भाऊ' तिथेच संपला. "नऊ वर्सं माह्यं खाल्लं ना बे तू!"

"गाडी चालवून खाल्लं."

जामीन झाल्यावर रूपराव आधी घरी गेला नाही. सरळ चिंधूच्या ओट्यापुढे जाऊन उभा राहिला. संध्याकाळ व्हायची होती. चिंधूनं पावलांवरून ओळखलं.

"या जवाईबुवा. लागलं तं नाई ना कुठी?"

"तुम्ही होते ना शेजारी. तुमाले मालूम असन."

चिंधूचा चेहरा पडला. तो लुंगीचा काठ चाचपू लागला. मग म्हणाला, "फक्त लायसन मांगतलं होतं त्यानं. मले वाटलं, कागदाचं काम हाये."

"बदल्यात काय देते?"

"महिन्याचा किराना भरून देते दुकानातून. साखर सोडून." हे शेवटचं तो हसण्यावारी न्यायला गेला, पण रूपराव हसला नाही.

"तुमच्या जागेवर मानूस असता तं मी पाच तास झोपलो असतो. चार वर्सं, हरेक फेरीले. तुमी माही झोप इकली, चिंधूभाऊ."

"अन् मी काय खाऊ? आंधळ्याले कोन बसवते गाडीवर?" चिंधूही आता चिडला. "तू तं धडधाकट हायेस. तुले जाग्याले काय होते?"

आत त्याची बायको भांडी आपटत होती. रूपराव निघून आला.

घरी आनंदाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि ताट त्याच्यापुढे आदळलं. "सही करून टाका. माह्या भावाले पोलिस-कचेरीत नेऊ नका."

"तुह्या भावानं माही चार वर्सांची झोप नेली, त्याचं काय?"

"थो आंधळा हाये."

"मीही झोपेत आंधळाच होतो. त्या बाईले काय फरक पडला?"

त्या दिवसापासून आनंदाबाई त्याच्याशी कामापुरतं बोलायची. पोरगी मोहिनी दोघांच्या मध्ये निरोप्याचं काम करायची, आणि तिलाही त्याचा वीट आला.

गजेंद्र ऐकणारा नव्हता. त्यानं आपला जबाब तसाच पुढे रेटला: ड्रायव्हर दोन होते, रूपराव दारू पिऊन खोटं बोलतो आहे. दवाखान्याच्या कागदात दारू निघाली नव्हती, तरी गावात ती गोष्ट फिरली. एकटा होता हे सांगू शकेल असं माणूस एकच होतं. आठ दिवसांनी रूपराव एसटीनं तळेगावला गेला.

मनकर्णाबाई प्लास्टर गळ्यात अडकवून बाजेवर बसली होती. छपरीच्या जागी आता नुसती ताडपत्री होती आणि तिची सून संत्री रचत होती. त्याला पाहताच बाई कडाडली.

"तू काऊन आला इथी?"

"मावशी, माफी मांगाले..."

"मावशी कोनाची? माफीनं हाड जुळते का?"

रूपराव उन्हातच उभा राहिला. कोणी बस म्हणालं नाही. "मी एकटाच उतरलो होतो गाडीतून. तुमी पाह्यलं. तेवढं सांगा, येवढंच म्हनाले आलो."

"तुह्या शेठचा मानूस येऊन गेला तुह्याआधी. नवी छपरी बांधून देतो म्हने, पक्की. दोन मानसं उतरले म्हना." तिनं पचकन थुंकलं. "त्याले म्हनलं, बारा वर्सं झाले, मी रोज गाड्या मोजतो इथी बसून. मले दोन अन् एक समजते."

रूपरावच्या जिवात जीव आला. "लय उपकार झाले."

"उपकार तुह्यावर नाई. जे दिसलं थे सांगीन. एकच मानूस उतरला, हे सांगीन. अन् काचेतून तुह्यं तोंड दिसलं मले. डोये मिटून होते, मान छातीवर पडली होती. थेही सांगीन. आता चालता हो. गिऱ्हाईक तुले पाहून थांबून नाई राह्यलं."

तिनं चौकीत दोन्ही गोष्टी सांगितल्या, शब्दन्‌ शब्द. मग चिंधूला बोलावणं आलं. तो आनंदाबाईचा हात धरून चौकीच्या पायऱ्या चढला. साहेबांनी एक कागद त्याच्यापुढे धरला आणि वाचायला सांगितलं. चिंधूनं कागद नाकाला लावला, मग लांब धरला, मग उन्हाकडे वळवला. साहेब म्हणाले, कागद कोराच आहे. आनंदाबाई बाहेर येऊन पायरीवर बसली आणि रडली. रूपराव समोरच्या झाडाखाली उभा होता. ती त्याच्या बाजूनं गेली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

पुढचं फार गाजावाजाचं झालं नाही. रूपरावचं लायसन सहा महिन्यांसाठी गेलं. कोर्टात तारखा सुरू झाल्या, त्या अजून चालू आहेत. गजेंद्रवरही गुन्हा नोंदला गेला. कारखान्यानं मात्र तडक पाऊल उचललं. गेटवर कॅमेरा बसवला: दोन्ही ड्रायव्हरनी समोर उभं राहायचं, चेहरा दाखवायचा, तेव्हाच गाडी आत. ज्यांचा माल तिथून निघायचा त्या साऱ्याच मालकांना आता खरोखरीचा दुसरा माणूस बसवावा लागला.

रूपरावला वाटलं होतं, ड्रायव्हर लोक तरी खूश होतील. वैशाखात तो कारंजाच्या हायवेवरच्या धाब्यावर चहाला गेला, तर चार जणांच्या बाजेवर त्याला कोणी जागा दिली नाही. नीलेश नावाचा, गजेंद्रचीच गाडी चालवणारा तिशीचा ड्रायव्हर उठला आणि त्याची कॉलर धरली.

"काका, तुमी काय केलं मालूम हाये का? महिन्यात सहा फेऱ्या माराचो मी. आता फेरी दोघांत वाटते. अर्धाच पगार हातात येते."

"दोन मानसं पाह्यजेच होते, नीलेश. पगार पुरा द्या म्हना शेठले. मिळून म्हनू."

"तुमी म्हना! तुमचं काय गेलं? तुमी घरी बसले."

"झोप तं लागते ना आता तुले?"

"झोप खाऊ का मी?" नीलेशनं त्याला ढकललं. चहा सांडला. धाब्याचा मालक गल्ल्यावरून ओरडला, भांडण बाहेर न्या. बाकीचे तिघं खाली पाहत होते. त्यातल्या एकाला, नत्थूला, मागच्याच वर्षी मलकापूरजवळ डुलकी लागून पाय गमवावा लागता लागता राहिला होता. तोही खालीच पाहत होता.

नीलेशचं खोटं नव्हतं, हे रूपरावला कळत होतं, आणि त्याचाच राग जास्त येत होता.

सहा महिन्यांनी लायसन परत मिळालं तेव्हा कारंजात, आर्वीत एकाही मालकानं त्याला गाडी दिली नाही. गजेंद्रनं प्रत्येकाला फोन केला होता. शेवटी पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रपूरकडच्या एका जिनिंगमध्ये काम मिळालं. कापसाचा हंगाम तोंडावर होता, गाठी हलवायला ड्रायव्हर मिळत नव्हता. तिथेही गजेंद्रचा फोन आला होता, पण मालकाला गरज होती. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, जवळपासच्या खेपा, मध्ये जेवणाची सुट्टी. रूपरावनं कामगारांच्या खोलीत पथारी टाकली. रविवारी तो कारंजाला जातो. आनंदाबाई स्वयंपाक करते आणि वाढून दिल्यावर डबा घेऊन भावाकडे जाते. चिंधूचा किराणा बंद झाल्यापासून त्या घरची चूल तिच्याच जिवावर आहे. रूपराव तिला अडवत नाही. चिंधूच्या ओट्यासमोरून मात्र तो जात नाही, लांबच्या गल्लीनं फिरून जातो.

जिनिंगमध्ये तिसऱ्याच दिवशी सहाच्या ठोक्याला मॅनेजर प्रफुल बाहेर आला. फाटकाशी अजून एक गाडी भरून उभी होती.

"काका, एक खेप मारून द्या. दीड तासाचं काम हाये."

"सहा वाजले, साहेब."

"मालूम हाये. एकच खेप."

"उद्या सकाळी आठले काढतो."

प्रफुलनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमच्याबद्दल जे आयकलं होतं, थे खरंच हाये म्हनजे."

"आयकलं तं बरंच झालं," रूपराव म्हणाला. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली आणि हात धुवायला नळावर गेला. मागे प्रफुल दुसऱ्या कोणाला तरी हाका मारत होता.