उफराटा गट

माझी थोरली बहीण भित्री भागूबाई. फोन वाजला तरी दचकते. आणि नोकरी कसली, तर परीक्षा मंडळात पोरांच्या गुणांचं गणित मांडायची! ती मुलांच्या उत्तरांवरून त्यांचे गट पाडते. कोण कुठल्या गटातला, हे कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. उत्तरांची ठेवण पाहून गणित अंदाज बांधतं. मग गटागटांच्या गुणांची तुलना.

यंदा एक छोटा गट उफराटा निघाला. अवघड प्रश्न बरोबर आणि सोपे चूक. साहेब म्हणाले, "पेपर फुटलाय. अवघड तेवढे पाठ करून आलेत. या सगळ्यांचा निकाल रद्द."

त्या गटात माझी लेक बबडी होती.

ताईनं हे सांगितलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीनच सरकली. "अंदाजावर पोरीचं वर्ष घालवणार? आग लागो तुमच्या गणिताला!" मी तिच्यावरच खेकसले. रडू येत होतं, दुसरं काय करणार?

ती बिचारी नखं खात बसली. मग एकदम म्हणाली, "अगं, आम्ही कोरा सोडलेला प्रश्नही चुकलेलाच धरतो. काही मुलं शेवटच्या अवघड प्रश्नांपासून सुरुवात करतात. वेळ संपतो, सोपे कोरेच राहतात. ती कशी चोर?"

माझ्या जिवात जीव आला. बबडीचंही तसंच झालं असणार! "मग जा ना बाई, सांग साहेबांना!"

दुसऱ्या दिवशी ती भीत भीत साहेबांपुढे उभी राहिली. साहेब आधी तडकले, मग तयार झाले. कोरे प्रश्न वेगळे धरून तिनं सगळं गणित पुन्हा मांडलं. उफराट्या गटातली बहुतेक मुलं सुटली.

संध्याकाळी ती आली आणि दारातच थांबली. तोंड पांढरंफटक.

"सुटली ना गं?" मी विचारलं.

"बबडीनं एकही प्रश्न कोरा सोडलेला नाही." ती उंबरठ्यातच बसली. "काल निदान शंकेला जागा होती. माझ्या दुरुस्तीनं तीही गेली. आता मोजकीच मुलं उरलीत त्या गटात."

"पण तरी अंदाजच ना तो?"

"अंदाजच. तिलाच विचार."

पोरीला काय विचारायचं, कसं विचारायचं? आतल्या खोलीत बबडी गाणं गुणगुणत कपाट आवरत होती. मी कशीबशी हाक मारली, "बबडे, जरा बाहेर ये. मावशीला तुझ्या पेपराबद्दल विचारायचंय."

गुणगुणणं थांबलं. आणि आतून कडी लागली.