तो धुळीचा कण

काचेवरचा पातळ थर तापवण्याआधी आणि तापवल्यावर कसा दिसतो, हे आमच्या प्रयोगशाळेत पाहायचं असतं. आमच्या सूक्ष्मदर्शकाची सुई त्या थरावरून फिरते आणि डोळ्यांना न दिसणारे खाचखळगे टिपते. पण काच भट्टीत घालून परत आणली की आधीची जागा हरवते. म्हणून तिच्यावर आम्ही एक फुली ओरखडून ठेवतो. फुलीपाशी यायचं आणि तिथून चाचपडत पुढे जायचं.

बाबा गेल्यावर पंधरा दिवसांनी मी कामावर आले. फुली लगेच मिळाली. पुढे तासभर सगळीकडे सारखंच दिसत राहिलं. मला कंटाळाही येत नव्हता.

मशीन सांभाळणारे सावंतकाका शेजारी येऊन बसले. म्हणाले, "मॅडम, तुमचा तो कचरा शोधा ना."

काच तापवण्याआधी सूक्ष्मदर्शकाने काढलेल्या पहिल्या चित्रात धुळीचा एक कण आला होता. चित्र खराब झालं म्हणून मी तेव्हा केवढी चिडले होते. आता तोच कण भट्टीतून जाऊनही कोपऱ्यात जसाच्या तसा दिसला.

"हा बघा," काका म्हणाले. "जागा तीच."

बाबा आंघोळ झाली की ओला टॉवेल खोलीच्या दारावर टाकायचे. दार फुगतं म्हणून मी रोज ओरडायचे. त्या संध्याकाळी घरी आले आणि दारावरून हात फिरवला. कोरडं होतं. आत पलंग, चष्मा, रेडिओ, सगळं जागच्या जागी होतं. तरी जागा तीच आहे, हे कशावरून ओळखायचं ते मला कळेना.