सरावाचा पेशंट

परदेशात नर्स म्हणून नोंदणी व्हायची तर एक प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. तिथे नुसतं काम करून भागत नाही, करताना बोलावंही लागतं. पेशंटला नाव विचारा, काय करणार ते समजावून सांगा, परवानगी घ्या. देवासच्या नर्सिंग होममध्ये मी आठ वर्षं "काका, हाथ इधर करो" एवढ्यावर सलाइन लावत आले होते. ही अदब मला कुठून जमणार? म्हणून घरी सराव सुरू केला आणि पेशंट झाले बाबा.

कारखान्यातून रिटायर झालेल्या बाबांकडे वेळच वेळ होता. जेवण झालं की दिवाणावर आडवे होत आणि कण्हायला लागत. मी हृदयाच्या पेशंटला विचारायचे प्रश्न विचारायची, "चालताना दम लागतो का? झोपताना उशा किती लागतात? पायांना सूज?" ते कधी पाच उशा सांगत, कधी म्हणत, "सिस्टर, दम लागतो, पण बायको बोलायला लागली की." आई स्वयंपाकघरातून ओरडायची. मी वैतागायची, कारण मला खरंच पास व्हायचं होतं. "नीट सांगा ना बाबा. बरा माणूस काय सांगतो, आजारी काय सांगतो, दोन्ही पाठ करा." त्यांनी पाठ केलं. मीच करून घेतलं.

इंग्लंडला गेले आणि पहिल्या खेपेला नापास झाले. घाबरून अ‍ॅलर्जी विचारायचीच विसरले. फोनवर ढसाढसा रडले. बाबा म्हणाले, "रोने का नहीं बेटा. परत पेपर दे. इकडची चिंता नको करूस, आम्ही एकदम टनाटन."

त्याच महिन्यात त्यांना दम लागायला लागला होता. मला हे फार उशिरा कळलं. देवासला दाखवायचं तर दवाखान्या-दवाखान्यात माझ्या ओळखीचं कुणी ना कुणी, तासाभरात मला फोन आला असता. म्हणून मांडू बघायला जातो असं शेजारी सांगून दोघं बसनं धारला मावशीकडे गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय मोठं झालंय, इंदूरला तपासण्या करा, उशीर नको. बाबांनी आईला आणि मावशीला शपथ घातली. "पोरीचा पेपर होऊ द्या. मग जिथे न्यायचं तिथे न्या."

मी रोज व्हिडिओ कॉल करायची आणि रोज तेच प्रश्न विचारायची. बाबा सोफ्यावर ताठ बसलेले, पायांवर चादर. "दम? छे. उशी एकच. सूज-बिज काही नाही." पोपटासारखं, पटापट. त्यांना अजून सगळं पाठ आहे याचं मला कौतुक वाटायचं! माझा कॉल यायच्या आधी ते बराच वेळ एक शब्दही न बोलता बसून राहायचे, म्हणजे माझ्याशी बोलताना धाप दिसू नये. मी शिकलेली नर्स, पण एकदाही म्हटलं नाही की बाबा, जरा उठून दारापर्यंत जाऊन या. याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

मी पास झाले. बाबांनी गल्लीत सगळ्या भियांना, म्हणजे शेजारच्या भय्या मंडळींना, पेढे वाटले. चौथ्या दिवशी इंदूरला जायला गाडी ठरली होती. त्या सकाळी ते अंघोळीला गेले आणि तिथेच कोसळले. आमच्यात अग्नी द्यायला कुणासाठी फार थांबत नाहीत. मी विमानात होते तेव्हाच सगळं उरकलं होतं.

घरी पोचले ती भांडायलाच. आईला वाटेल ते बोलले. जगाच्या म्हाताऱ्यांना मी तपासते आणि माझ्याच बापाचं मला सांगत नाही? आईनं सगळं ऐकून घेतलं. धड जेवत नव्हती, धड रडत नव्हती.

तेरावं झाल्यावर मेथी निवडताना तिनं खालमानेनं विचारलं, "खरं सांग हं. तेव्हाच तुला सांगितलं असतं, तर वाचले असते का गं ते?"

माझ्या वॉर्डात असं मोठं झालेलं हृदय घेऊन कितीतरी येतात. गोळ्या घेतात, जेवण अळणी म्हणून माझ्याशी भांडतात, घरी जातात आणि वर्षानुवर्षं जगतात.

"नाही आई," मी म्हटलं. "काही उपयोग झाला नसता."

तिनं दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. त्या दुपारी बऱ्याच दिवसांनी ती पोटभर जेवली. मी तिला वाढत राहिले.