फौजदारानं न मानलेला जबाब

गेनूकाका गेल्याचा निरोप तिसगावहून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरनं आणला. मी शाळेत शिकवून नुकतीच आले होते, हातातली पिशवीही खाली ठेवली नव्हती. "गेनू मास्तरांच्या पुतण्यानं सांगायला सांगितलंय," तो दारातूनच म्हणाला, "पहाटे गेले. झोपेतच." माझे वडील, ज्यांना घरातले नि मित्रही नाना म्हणत आले, आतल्या पलंगावर बसून ऐकत होते. त्यांनी चष्मा काढून उशीजवळ ठेवला आणि म्हणाले, "वर्ष तरी मिळालं." मला त्या घटकेला रडू आलं नाही. उलट छातीवरचं ओझं कुणी उचलून घ्यावं तसं वाटलं. हाच निरोप सव्वा वर्षापूर्वी आला असता तर... गेले पाच आठवडे हा विचार मनात येतो आणि दर वेळी मी सुटकेचा श्वास टाकते. कारण तोवर आमच्या नगरच्या घरात गेनूकाकांचं नाव घ्यायची सोय नव्हती. आम्हा भावंडांना त्यांच्याविषयी एकच गोष्ट ठाऊक होती : या माणसानं नानांना पकडून दिलं.

ही गोष्ट पहिलं महायुद्ध संपल्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली. नाना भिक्षुकाचे चिरंजीव, गेनूकाका तिसगावच्या शेतकऱ्याचा मुलगा, आणि दोघंही नगरच्या शाळेत एका बाकावर. असहकाराची हाक आली तशी दोघांनी एकाच दिवशी शाळा सोडली. नानांनी एक नाटक लिहिलं. एक शेतकरी कचेरीत जाऊन मामलेदाराला प्रश्न विचारतो, एवढंच त्याचं कथानक. पण त्या काळात प्रश्न विचारणं हाच गुन्हा होता. पडदे रंगवायचं काम गेनूकाकांकडे आलं. विलायती कापड वापरायचं नाही असं ठरलेलं, आणि जाड्याभरड्या खादीवर रंग काही धरेना. मग त्यांनी चिंचोक्याची खळ करून कापडाला लावली, काव, नीळ आणि चुना खलून रंग केले आणि मामलेदार कचेरी अशी उभी केली, की तालमीला आलेली म्हातारी माणसं पडद्यासमोर येताच पायताणं काढून ठेवत. "ती बघूनच मी घाबरलो," नाना या वर्षभरात सांगत. "म्हटलं, माझ्या शब्दांपेक्षा याचा चुनाच जास्त बोलतोय." तालमी संपल्या की दोघांचे वाद चालत. स्वराज्य आलं की सारं आपोआप नीट होईल, असं नानांना वाटे. गेनूकाका विचारत, "स्वराज्यात आमच्या आबाला कचेरीत बसाया खुर्ची देतील का, तेवढं सांग."

तिसगावच्या बाजाराच्या दिवशी पहिला प्रयोग झाला, आणि शेवटचाही. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी दोघांना नगरला नेलं. संध्याकाळी गेनूकाका सुटले. नाना सहा महिने तुरुंगात गेले. एकाला सोडलं आणि एकाला ठेवलं, यातून गावानं जो अर्थ काढायचा तो काढला. नाना सुटून आले तेव्हा तोच अर्थ त्यांची वाट पाहत होता. त्यांनी तो घेतला. गेनूकाका पुढे नेवाशाच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झाले. लग्न केलं नाही. त्या प्रकरणाबद्दल कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते बारा वर्षांची असताना, नगरला ड्रॉइंगच्या परीक्षेला. ते पर्यवेक्षक होते. बाकांमधून फिरत माझ्यापाशी आले, कागदावरचं माझं नाव वाचलं आणि थबकले. माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. त्यांनी खिशातून चाकू काढला, हलक्या हातानं टोक काढून पेन्सिल परत ठेवली आणि म्हणाले, "घाई करू नको. येळ लई हाय." ते कोण हे मला शेजारच्या मुलीनं सांगितलं. मी ती पेन्सिल त्यांच्या देखत जमिनीवर टाकली आणि तिच्याकडून दुसरी मागून घेतली. त्यांनी खाली वाकून ती उचलली. ते वाकणं मला पुढे फार वर्षं आठवत राहिलं, आणि तरीही मी ते बरोबरच केलं असं मानत राहिले.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तुरुंगात गेलेल्यांना ताम्रपट मिळणार असं जाहीर झालं. नाना अर्ज करायला तयार नव्हते. मीच मागे लागले. शिक्षेचा पुरावा हवा होता, म्हणून आम्ही दोघं कचेरीच्या रेकॉर्डात गेलो. तिथल्या कारकुनानं चार खेपा घालायला लावल्या आणि पाचव्या खेपेला लाल फडक्यात बांधलेला दप्तराचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. कागद सारे मोडीत. मला मोडी येत नाही, म्हणून नाना मोठ्यानं वाचत होते. साध्या वेशातला एक शिपाई प्रयोगाला प्रेक्षकांत बसला होता, खबर त्याची, असं पहिल्याच पानावर निघालं. मग गेनूकाकांचा जबाब आला. "नाटक मी लिहिले. पडदेही मीच रंगविले. नानाने फक्त..." आणि नाना थांबले.

"पुढे वाचा ना," मी म्हटलं.

"वाचतोय."

पण त्यांचं बोट त्याच ओळीवर फिरत होतं. कारकुनालाही मोडी येत होती. त्यानं मान वाकडी करून पुढचा फौजदाराचा शेरा मला वाचून दाखवला. सदरहू इसम कुणबी असून असले लिखाण करणे त्याच्या आवाक्यातले दिसत नाही, दोस्तास वाचविण्यासाठी बोलतो, सबब सोडून दिले.

नानांनी कागद नीट घडी करून ठेवले. बाहेर पायरीवर बसले तेव्हा म्हणाले, "शेतकऱ्याची सगळी भाषणं त्याचीच होती. तो बोलायचा, मी उतरून घ्यायचो. फौजदारानं ते मानलं नाही. आणि मी... मी तरी काय वेगळं केलं? तो असा वागू शकेल असं माझ्याही मनात आलं नाही." ताम्रपटाचा अर्ज त्या दिवशी राहिला तो राहिलाच.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिसगावला गेलो. दुष्काळ ऐन भरात होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं खडी फोडत होती. नोकरी संपल्यावर गेनूकाका गावी परतले होते. कोरड्या विहिरीशेजारच्या लिंबाखाली बाजेवर बसलेले सापडले. नाना समोर उभे राहिले.

"जबाब वाचला," नाना म्हणाले.

"कंचा?"

"तुझा. फौजदारापुढचा."

गेनूकाका थोडं हसले. "त्यो फौजदार लई हसला हुता तवा. मला म्हनला, सही तरी येती का?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुज्या आईला सांगाया आल्तो. त्या म्हनल्या, पायरी चढू नको. मग तू सुटून आलास, अन् येशीपाशी मला बघून तोंड फिरवलंस. म्हनलं, ज्याला आपला म्हनायचा त्याच्याम्होरं काय साक्षीपुरावं न्यायचं?" मग म्हणाले, "पर आलास. बरं झालं. बस की."

नाना बाजेवर बसले आणि पन्नास वर्षांचं रडले. गेनूकाका नुसता हात धरून होते. मी परीक्षेतल्या त्या दिवसाची माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "चित्र बरं काढलं हुतंस. पास झालीस ना?" झाले होते.

त्यानंतर दर सोमवारी ते एस.टी.नं नगरला येत. दोघांचा एक वाद करायचाच राहून गेला होता. नाना तुरुंगातून सुटल्यावर देशात कौन्सिलप्रवेशाचं भांडण पेटलं, सरकारी कायदेमंडळांत, म्हणजे कौन्सिलांत, शिरावं म्हणणारे फेरवादी आणि त्यांवर बहिष्कारच ठेवावा म्हणणारे नाफेरवादी असे तट पडले. पण तेव्हा या दोघांचं बोलणं बंद होतं. तो वाद त्यांनी आता, सत्तरीत, आमच्या ओसरीवर काढला. नाना म्हणत, सरकारच्या कौन्सिलात पाऊल टाकणं म्हणजे चळवळ विकणं. गेनूकाका म्हणत, "आत शिरल्याबिगर आतलं दार उघडायचं कुनी?" तावातावानं भांडत आणि माझ्या हातच्या चहाला एका सुरात नावं ठेवत. वर्षभरात एकही सोमवार चुकला नाही आणि कुणी तसूभर हटलं नाही. नानांच्या तोंडावर मी असं तेज आधी कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या सोमवारी मी स्वयंपाकघरात होते. ओसरीवरून बोलणं ऐकू आलं, म्हणून डोकावले. नाना एकटेच बसले होते. आपली बाजू मांडून झाली की ते किंचित सरकून बसत आणि तिसगावच्या बोलीत गेनूकाकांची बाजू मांडत, अडखळत, पण मन लावून. मी दारात उभी आहे हे त्यांच्या लक्षात आलं. जरा ओशाळले. मग चहाचा कप हातात घेत म्हणाले, "आज त्याचं बरोबर निघालं."