आल्याचा वास लागलेला वाडगा

बाबांनी तरुणपणी नाशिकच्या कारखान्यांच्या दारात वाटलेली, वारशाने चालणाऱ्या मालकीविरुद्धची पत्रकं सौदीतल्या यान्बूला आणता आली नव्हती. पण ती त्यांना पाठ होती, आणि मी ती ऐकतच वाढले. त्यामुळे ‘घराणं’ हा शब्द ऐकला की माझं डोकं तापायचं. अजूनही तापतं.

शेजारच्या घरात बाबांच्या प्लांटमधल्या जपानी इंजिनियरची बायको राहायची. तिच्या माहेरी पिढ्यान् पिढ्या चहाचे वाडगे घडवतात. इथे मागच्या अंगणात तिची छोटी विजेची भट्टी होती. ताइफच्या घाटातली लाल माती माहेरच्या उरलेल्या मातीत मळून तिने एक वाडगा केला. तो वडिलांना पाठवायचा होता. पसंत पडला, तर लाकडी पेटीच्या झाकणावर ते स्वतः वाडग्याचं नाव लिहिणार, आणि घरची भट्टी तिची होणार. झाकण कोरं आलं, तर भट्टी वडिलांबरोबरच विझणार.

“एकट्या म्हाताऱ्याने का ठरवायचं?” मी कडाडले. “नाव तुम्हीच लिहा!”

“लिहीन,” ती मोडक्या हिंदीत म्हणाली. “पण हे हात त्यांनीच शिकवलेत. हात कुठे टाकू?”

मला हे मुळीच पटलं नाही.

तसा वाडगा कोरा पाठवायचा नसतो. रोज चहा पिऊन झिलईतल्या बारीक तड्यांत रंग मुरावा लागतो. मध्येच नवऱ्याच्या कामासाठी तिला काही महिने रास तनुराला जावं लागलं. वाडगा आणि हिरव्या चहाच्या पुडीचा डबा तिने आमच्याकडे ठेवला.

“आई, रोज प्या हं.” मी म्हणते म्हणून तीही आईला ‘आई’च म्हणायची.

पहिल्याच घोटाला बाबा म्हणाले, “हे तर गवत आहे!” दोन दिवसांनी आईने निकाल दिला, “चहा तो चहा.” आणि त्या वाडग्यात आमचा दुधाचा, आलं ठेचून उकळलेला चहा ओतला जाऊ लागला.

ती परतली तेव्हा तडे गडद तपकिरी झाले होते. आईने वाडगा घासला, सोड्यात भिजवला, तरी आल्याचा वास हटेना. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून त्यात बेसनाचे लाडू भरून आई तिच्या दारात उभी राहिली.

“चुकलं गं माझं. ती पूड घशाखाली उतरेना.”

तिने लाडू काढून ठेवले आणि वाडगा नाकाशी धरला. बराच वेळ.

“दुसरा करता येईल?” मी विचारलं.

“माहेरची माती संपली.” मग आईकडे वळून, “रोज प्यायलात?”

“एक दिवस चुकवला नाही!”

“मग हाच जाऊ दे.”

वडिलांकडून पेटी परत आली तेव्हा तिला ती उघडवेना. तिने ती सरळ आमच्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. कागद आईने फाडला. झाकणावर शाईची अक्षरं होती.

“आल्याची वाफ,” तिने वाचलं, आणि तोंडावर ओढणी धरावी तसा आईचा पदर धरला.

“म्हणजे पास?” बाबांनी विचारलं.

त्याच हिवाळ्यात ती घरची भट्टी सांभाळायला कायमची जपानला परत गेली. अंगणात भट्टीखालची चौकोनी फरशी तेवढी पांढरी राहिली. निघताना तिने आईच्या हातात नुसत्या ताइफच्या मातीचा एक कोरा वाडगा ठेवला.

“यात काय प्यायचं गं?” आईने भीत भीत विचारलं.

“तेच,” ती म्हणाली. “रोज.”