घेऊ नका, पण बघून तर जा की

मंडळी, आज कथेचा भाग नाही, आज घडलेलं सांगतो.

मी इथं टोपणनावानं दोन पुरुषांच्या प्रेमाची कथा लिहितो, हे तुम्हाला माहीत आहे. त्यातला माधव साडीच्या दुकानात काम करतो. मीही नवी पेठेत तेच करतो, हे मात्र कधी सांगितलं नव्हतं.

सकाळी कमेंट आली, "तुमचं दुकान ओळखलं. आज येतोय."

चूक माझीच. गिऱ्हाईक उठलं की माधव म्हणतो, "घेऊ नका, पण बघून तर जा की वहिनी." हे माझं रोजचं वाक्य.

दिवसभर दारात येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा बघत होतो. गल्ल्यावर मालक बसलेले. त्यांच्यासमोर कुणी बोललं असतं तर नोकरी गेली असती, आणि घरी कळलं असतं ते वेगळंच.

दुपारी एक जोडपं आलं. वहिनींना काही पसंत पडेना, त्या उठल्या. मी सवयीनं "घेऊ नका" म्हणालो आणि तिथंच थांबलो.

"पण बघून तर जा की," त्यांचा नवरा म्हणाला. माझ्याकडे बघत.

वहिनी हसून परत बसल्या. हिरवी साडी खांद्यावर टाकून आरशासमोर गेल्या, तेव्हा तो हळूच म्हणाला, "माधवचं लगीन लावू नका. त्या पोरीचेबी लई हाल हुत्यात."

माधवचं एका मुलीशी लग्न होतं, तो भाग लिहून तयार आहे. तुमच्यातल्याच कितीतरी जणांनी लिहिलं होतं, माधवनं घरच्यांचं मन राखावं. त्यांनाच विचारतो, आरशासमोरच्या वहिनींचं मन कुणी राखायचं?