मावशीची साक्ष

सुनेला मारून तिचा हात मोडणाऱ्या स्वतःच्या मुलाविरुद्ध मावशीने परवा कोर्टात साक्ष दिली. मी मागच्या बाकावर बसले होते.

"आई असून मुलाविरुद्ध बोलताय?" त्याच्या वकिलाने विचारलं.

"आईच आहे मी, साहेब. पण माझ्या डोळ्यांदेखत घडलं, ते नाही कसं म्हणू?"

बाहेर व्हरांड्यात नातेवाईक तिला टाळून पुढे गेले. तिचा मुलगा सतीश पोलिसांबरोबर उभा होता. मावशी सरळ त्याच्याजवळ गेली आणि पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपू लागली. "शिक्षा झाली तरी मी भेटायला येत राहीन," ती म्हणाली, "पण तू केलंस ते भोगायला हवं." त्याने मान फिरवली, तरी तिचा हात काही झटकला नाही.

आईने लेकराचे अपराध पोटात घालावेत, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मावशीने लेकराला पोटाशी धरलं आणि अपराध मात्र कोर्टापुढे ठेवला. एवढं बळ तिच्यात कुठून आलं असेल?

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंनी हळूच विचारलं, "कोण हो त्या?"

"माझी सख्खी मावशी," मी सगळ्या नातेवाइकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.